लेओव्हिल बार्टन २०१६ : प्यावी, राखावी की पैसा म्हणून ठेवावी?

निकाल आधीच सांगून टाकतो. फ्रान्समधल्या बोर्दोची शातो लेओव्हिल बार्टन, साल २०१६, ही आजवर माझ्या तोंडी लागलेली सगळ्यात चांगली रेड वाईन. प्यायला घेणार असाल तर जरूर घ्या, आणि आणखी चार-पाच वर्षं दम धरलात तर ती जास्त समाधान देईल. राखायला घेणार असाल तर आधी घरात थंडाव्याची पक्की सोय करा, नाहीतर आपल्या खान्देशातल्या मे महिन्यात ती मरेल. आणि पैसा गुंतवायचा म्हणून घेणार असाल तर चोपडा-जळगावात बसून ते जमणारं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी केळीतला माणूस. चोपड्याला आमचं केळी पिकवायचं चेंबर आहे. कच्चा माल आत घ्यायचा, इथिलिन हा पिकवणारा गॅस द्यायचा, तापमान सांभाळायचं आणि पिवळा माल बाहेर काढायचा, हे आमचं रोजचं काम. वाईनची गोडी लागली ती भाच्यामुळे. तो लंडनजवळ नोकरीला आहे. या वाईनच्या त्याने सहा-सहा बाटल्यांच्या दोन लाकडी पेट्या घेतल्या. एक पेटी तिथल्या बाँडेड गोदामात, म्हणजे कर न भरता माल ठेवतात त्या गोदामात, अजून तशीच आहे. दुसरी फोडून त्यातल्या दोन बाटल्या तो डिसेंबरात घरी घेऊन आला. परदेशातून येणाऱ्या माणसाला दोन लिटरपर्यंत दारू किंवा वाईन सीमाशुल्क न भरता आणता येते, त्यात ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात बसतात. एक आम्ही हिवाळ्यातच शेतावर उघडली. दुसरी माझ्याकडे आडवी पडून आहे. तेव्हा हे परीक्षण प्यायलेल्या बाटलीचं आहे आणि राखलेल्या बाटलीचंही.

आधी सालाबद्दल. बाटलीवर छापलेलं साल म्हणजे वाईन बाटलीत भरल्याचं साल नव्हे, द्राक्षं खुडल्याचं साल. आपल्या नाशकाकडे वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये खुडतात, कोरड्या हवेत, ठिबकच्या पाण्यावर. त्यामुळे एका सालात आणि दुसऱ्या सालात फार मोठं अंतर पडत नाही. बोर्दोत तसं नाही. फ्रान्सच्या पश्चिमेला, अटलांटिक समुद्राजवळचा तो मुलुख. तिथल्या नामांकित बागांना, काही अपवाद सोडले तर, पाणी देण्याचीच परवानगी नाही. आकाशातून पडेल तेवढं आणि जमिनीत मुरेल तेवढं, त्यावरच वेल जगायचा. ज्याने कोरडवाहू शेती केली आहे त्याला साल म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

२०१६ चं साल तिथे विचित्र सुरू झालं. वर्षाचा पहिला अर्धा भाग पाऊस थांबेना. जमीन खालपर्यंत भिजली. जूनच्या सुरुवातीला फुलोरा आला तेव्हा नेमकी उघडीप मिळाली आणि फळधारणा चांगली झाली. मग जूनच्या उत्तरार्धापासून जवळजवळ सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कोरडं. ऑगस्टमध्ये ऊन इतकं की कोवळ्या वेलींची वाढ थांबली. पण जुन्या वेलींची मुळं खोल होती आणि वसंतातला पाऊस खालच्या चिकणमातीत साठलेला होता, त्यावर त्या तगल्या. १३ सप्टेंबरच्या सुमारास एक पाऊस झाला, वेलींना पुन्हा जीव आला, आणि नंतर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दिवसा ऊन, रात्री गारवा. द्राक्षं घाईने खुडायची कोणालाच गरज पडली नाही. रात्री थंड राहिल्या म्हणून आंबटपणा टिकला, दिवस उबदार राहिले म्हणून द्राक्षाची साल आणि बी नीट पिकली. अल्कोहोल फार चढला नाही. आंबटपणा, टॅनिन (तोंड आवळणारा तुरटपणा) आणि फळाची चव, तिन्ही भरपूर आणि तिन्ही एकमेकांच्या तोलाचे, असं साल क्वचित येतं. २०१३ मध्ये पावसाने तिथे द्राक्षं सडवली, २०१७ मध्ये एप्रिलच्या दहिवराने कोवळे कोंब जाळले. त्या मानाने २०१६ वर निसर्ग प्रसन्न होता.

आता घराणं. अठराव्या शतकात आयर्लंडमधून बोर्दोत येऊन वाईनच्या व्यापारात स्थिरावलेलं हे बार्टन कुटुंब. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर लेओव्हिल नावाची थोरली इस्टेट फुटली आणि तिचे पुढे तीन भाग झाले. त्यातला एक ह्यू बार्टन यांनी १८२६ मध्ये घेतला. शेजारची लांगोआ ही बाग त्यांनी पाचच वर्षं आधी, १८२१ मध्ये घेतली होती. तेव्हापासून आजपर्यंत दोन्ही बागा एकाच कुटुंबाकडे आहेत. दोनशे वर्षं एका घराने एकच जमीन कसायची, भाऊहिश्शात तुकडे होऊ द्यायचे नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटतं. लेओव्हिल बार्टनला स्वतःचा वाडा नाही, वाईन लांगोआच्या आवारातच तयार होते. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या बागांची पाच पायऱ्यांची क्रमवारी लावली, त्यात ही दुसऱ्या पायरीवर आहे. ती क्रमवारी आजही जवळपास तशीच चालते.

या घराण्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे भाव. अँथनी बार्टन यांनी कितीतरी वर्षं हा कारभार पाहिला, २०२२ मध्ये ते वारले. बाजार कितीही तापला तरी पिणाऱ्याला परवडेल असा भाव ठेवायचा, ही त्यांची ख्याती होती, आणि मुलगी लिलियन यांनी ती पुढे चालवली आहे. आजही ही २०१६ ची बाटली इंग्लंडमध्ये साधारण पाऊणशे ते शंभर पौंडांच्या दरम्यान मिळते. रक्कम लहान नाही, हे मला कळतं. पण याच गावात, सां-जुलियांमध्ये, याच क्रमवारीतल्या एका शेजारच्या बागेची त्याच सालची बाटली याहून बरीच महाग आहे. आणि आपल्याकडे रीतसर आयात होऊन आलेल्या वाईनवर वर्षानुवर्षं एकूण सीमाशुल्कच १५० टक्के राहिलं, वर राज्याचे कर वेगळे. मुंबईत ही बाटली मागवायची तर हिशोब कुठल्या कुठे जातो. म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाकडून मागवणं हाच सरळ मार्ग.

चव सांगतो. शेतावर भरिताचा बेत होता. बूच निघालं ते कोरडं ठणठणीत, फक्त वाईनकडच्या टोकाला जांभळा डाग. काचेच्या मोठ्या भांड्यात ओतून तीनेक तास झाकून ठेवली. रंग गर्द, ग्लासातून पलीकडची चूल दिसेना. कडेलाही अजून जांभळटच, जुन्या वाईनला येतो तो विटकरी रंग कुठेच नाही. सुरुवातीला वास जवळजवळ नव्हताच. तासाभराने काळ्या जांभळाचा आला, मग शिसपेन्सिल तासल्यावर येतो तसा लाकडाचा, आणि त्याच्यामागे सुक्या तंबाखूच्या पानाचा. आमच्याकडे एकेकाळी तंबाखू सुकवलेली मी पाहिली आहे, तो वास मला बरोबर ओळखू आला. तोंडात घेतल्यावर आधी फळ, लगेच आंबटपणा, आणि मग टॅनिन येऊन दार लावून घेतं. गिळल्यानंतर चव बराच वेळ मागे राहते. गोडवा नाही, जडपणा नाही, दारूची जळजळ नाही. कॅबर्ने सोव्हिन्यों मोठ्या प्रमाणात आणि मर्लो थोडी, असं द्राक्षाच्या दोन जातींचं हे मिश्रण आहे. कॅबर्नेचा ताठा प्रत्येक घोटात जाणवतो.

आमच्याबरोबर जेवायला बसलेल्या जिभाऊंनी दोन घोट घेतले, तोंड आवळलं आणि म्हणाले, "कच्ची शे रे भो आजून." केळीत आयुष्य गेलेला माणूस. त्यांचं बरोबर होतं.

हे टॅनिन आम्हा केळीवाल्यांच्या रोजच्या ओळखीचं आहे. कच्च्या केळ्याचा काप चावून बघा. जीभ, टाळू, गालाची आतली बाजू, सगळं आवळून येतं. ते टॅनिनमुळे. केळं पिकतं तेव्हा टॅनिन कुठे निघून जात नाही. त्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, विरघळेनासे होतात, आणि मग जिभेला लागत नाहीत. म्हणून पिकलेलं केळं गोड आणि मऊ लागतं. बाटलीतल्या वाईनमध्येही टॅनिन वर्षानुवर्षं असंच एकमेकांना धरत जातं, त्यातलं काही गाळ होऊन तळाशी बसतं, आणि राहिलेलं मऊ होतं. फरक वेळेचा. केळीला इथिलिन दिलं की चार ते सहा दिवसांत माल तयार होतो. वाईनला असा गॅस नाही. भांड्यात ओतून तीन तास हवा दिली तर थोडी मोकळी होते, पण तेवढीच. दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेली अर्धा ग्लास वाईन पुन्हा चाखली. टॅनिन नरम झालं होतं, फळ अजून तसंच ताजं होतं. एक दिवस उघडी राहून जी वाईन खालावत नाही, तिच्यात पुढची पंधरा-वीस वर्षं काढायचा दम आहे, असं मी त्यावरून धरतो. माझ्या अंदाजाने २०३० नंतर ती खऱ्या अर्थाने पिण्याजोगी होईल आणि २०४५ पर्यंत उत्तम राहील.

जेवणाशी ती कशी जाते हे सविस्तर लिहितो, कारण बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या सल्ल्यात चीज आणि भाजलेलं मेंढीचं मांस याशिवाय काही नसतं. बामणोदची मोठी हिरवी वांगी कापसाच्या काड्यांवर भाजलेली, बडगीत कुटलेली, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि तेल. हे भरित आणि ही वाईन यांचं फार छान जमलं. वांग्याचा धुरकटपणा वाईनमधल्या लाकडाच्या वासाला जाऊन भिडतो, शेंगदाण्यातलं आणि तेलातलं स्निग्ध टॅनिनची धार बोथट करतं. अट एकच, हिरवी मिरची निम्मी करा. तिखटाने तोंड पेटलं की टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही दुप्पट बोचतात, आणि मग शंभर पौंडांची वाईन नुसती कडू लागते. याच कारणाने शेवभाजी आणि पाटोडीच्या रश्श्याबरोबर ती अजिबात काढू नका. काळ्या मसाल्याचं मटण चालेल, पण सुकं, रश्श्याशिवाय, आणि मिरची हात राखून. कळण्याच्या भाकरीचं मात्र मला आश्चर्य वाटलं. उडदाचा तो किंचित कडवट, मातकट स्वाद वाईनच्या फळाला पुढे आणतो. गोडाबरोबर घेऊ नका. खापरावरच्या मांड्यांना त्यांचा आमरस पुरेसा आहे.

तापमानाबद्दल एक गैरसमज सगळीकडे पसरलेला आहे, की रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी. ती खोली युरोपातली, सोळा ते अठरा अंशांची. हिवाळ्याच्या रात्री आमच्या शेतावर गारवा इतका होता की ग्लास तळव्यात धरून ऊब द्यावी लागली. एप्रिलमध्ये तीच बाटली उघडली तर आधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवावी लागेल. गरम रेड वाईनमध्ये अल्कोहोल आधी नाकात शिरतो आणि बाकी सगळं मागे पडतं.

आता राखण्याचा विषय. माझ्या मते खान्देशातल्या माणसासाठी या वाईनचं मोल इथेच ठरतं.

वाईन राखायला बारा ते चौदा अंश तापमान लागतं आणि ते वर्षभर स्थिर लागतं. अंधार, साठ-सत्तर टक्के आर्द्रता, धक्के नकोत, आणि बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहून फुगलेलं राहतं आणि हवा आत शिरत नाही. बोर्दोत हे निसर्गच देतो. जमिनीत चार-पाच मीटर खाली गेलं की तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीइतकं होऊन स्थिर राहतं, आणि बोर्दोची सरासरी तेरा-चौदा अंशांची आहे. जळगाव जिल्ह्याची सरासरी सव्वीस-सत्तावीसच्या घरात जाते. म्हणजे आपल्याकडे जुन्या वाड्याचं तळघर असो की धान्याचं पेव, कितीही खोल खणलं तरी सत्तावीस अंशांच्या आसपासच मिळणार. धाब्याच्या घरात दुपारी माणसाला गारवा वाटतो तो बाहेरच्या पंचेचाळीस अंशांच्या मानाने. वाईनला तो पुरत नाही. पंचवीस-तीस अंशांत ती काही महिन्यांतच घाईघाईने म्हातारी होते, आणि त्याहून वर गेली तर आतलं द्रव फुगून बुचाला ढकलतं, कडेने पाझर सुटतो, आणि फळाचा ताजेपणा जाऊन शिजलेल्या मुरंब्याची चव उरते.

लोक मला हमखास विचारतात, तुझं तर चेंबरच आहे, ठेव ना त्यात. प्रश्न रास्त आहे. कच्ची केळी आम्ही तेरा-चौदा अंशांवरच धरून ठेवतो. त्याखाली गेलं की सालीवर चरका येतो, माल काळपटतो. आकडा वाईनच्या आकड्याशी तंतोतंत जुळतो. पण पिकवण्याच्या चेंबरमध्ये तापमान एका जागी राहत नाही. गॅस देताना सोळा-अठरावर न्यायचं, मग उतरवायचं, दार उघडून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचा, नवा गरम माल आला की पुन्हा चढायचं. पंखे सतत धडधडत असतात. आर्द्रता नव्वदच्या वर, त्यात लेबलं बुरशीने जातात. आणि पिकत्या केळीचा वास सगळ्यात मुरतो. तिथे वाईन ठेवू नये. नुसती साठवणुकीची, वर्षभर एकाच अंशावर चालणारी शीतखोली असेल आणि आर्द्रता आटोक्यात असेल, तर गोष्ट वेगळी.

घरी घ्यायचं तर वाईनचं कपाट घ्या, पण घेताना दोन गोष्टी बघा. बाजारात स्वस्त छोटी कपाटं मिळतात ती कॉम्प्रेसरची नसतात, विजेच्या चकतीने थंड करणारी असतात. ती खोलीच्या तापमानापेक्षा पंधरा-वीस अंशच खाली जाऊ शकतात. मे महिन्यात खोलीत चाळीस असतील तर आत वीस-पंचवीस मिळणार, म्हणजे कपाट असून नसल्यासारखं. कॉम्प्रेसरवालंच घ्या. दुसरं, कपाटाच्या मागच्या पाटीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. एन वर्गाचं यंत्र बत्तीस अंशांपर्यंत, एसटी अडतीसपर्यंत, टी त्रेचाळीसपर्यंत चालायला बनवलेलं असतं. खान्देशात टी वर्गाखालचं घेऊच नका, आणि तेही घरातल्या सगळ्यात थंड, उत्तरेकडच्या खोलीत, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. वीज गेली तर दार उघडायचं नाही. भरलेलं कपाट काही तास गारवा धरून ठेवतं. आमच्याकडे चेंबरसाठी जनरेटर आहे, त्याची एक लाईन मी घरातल्या कपाटाला दिली आहे. ज्यांच्याकडे अशी सोय नाही त्यांनी निदान मे-जूनपुरता इन्व्हर्टरचा विचार करावा. एवढं करायचं नसेल तर बाटली फार दिवस राखायच्या भानगडीत पडू नका. हिवाळ्यात आणा आणि हिवाळ्यातच संपवा.

याच कारणाने दुकानातून जुन्या सालची वाईन घेताना सावध राहा. जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानात मी चांगल्या फ्रेंच वाईनच्या बाटल्या पश्चिमेकडच्या काचेत उभ्या मांडलेल्या पाहिल्या. चारच्या उन्हात काच हाताला भाजत होती. अशी बाटली निम्म्या भावात दिली तरी घेऊ नये. बूच कडेच्या वर आलेलं दिसतंय का, कॅपच्या खाली चिकट ओघळ आहे का, मानेतली पातळी खांद्यापर्यंत उतरली आहे का, हे तीन प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

गुंतवणुकीचं थोडक्यात. जळगाव ही सोन्याची पेठ. आपल्याकडे कोणत्याही वस्तूला लोक सोन्याच्या हिशोबात तोलतात, आणि ते योग्यच आहे. सोनं घरात राहतं, उन्हाने बिघडत नाही, आणि रात्री अडचण आली तर सकाळी सराफाकडे मोडता येतं. वाईनला यातलं काही लागू नाही. वाईनमधली गुंतवणूक चालते ती लंडनच्या पद्धतीने. पीक आल्यानंतरच्या वसंतात वाईन अजून पिंपात असतानाच विकायला काढतात, त्याला आँ प्रिमर म्हणतात. पैसे आज, बाटली दोन वर्षांनी. मग ती पेटी बाँडेड गोदामात जाते, म्हणजे तिच्यावर अबकारी आणि व्हॅट भरलेला नसतो. विल्टशरमधल्या दगडाच्या जुन्या खाणीत अशा लाखो बाटल्या ठेवलेल्या आहेत. पेटी जागची हलत नाही, फक्त मालकाचं नाव बदलतं. लिव्ह-एक्स नावाचा व्यापाऱ्यांचा बाजार २००० पासून लंडनमध्ये आहे, तिथे भाव ठरतो. गोदामाचं भाडं आणि विमा दरवर्षी द्यायचा, विकताना दलाली साधारण दहा टक्क्यांच्या आसपास.

आणि भाव चढतोच असं नाही. बोर्दोच्याच शातो लाफित या नामांकित बागेने २००८ च्या बाटलीवर चिनी लिपीतला आठाचा शुभ आकडा कोरणार असं २०१० मध्ये जाहीर केलं, चीनमधून मागणीचा लोंढा आला, भाव भडकले, आणि २०११ च्या मध्यानंतर ते कोसळले. अलीकडे २०२२ च्या अखेरीपासून सगळाच बाजार उतरत आला. पिकाच्या वेळी चढ्या भावाने बोर्दो घेतलेल्या बऱ्याच जणांना आज तीच वाईन त्याहून स्वस्त मिळते आहे. लेओव्हिल बार्टनसारखी मुळातच मापात भाव ठेवलेली वाईन भावाने कमी उतरते, पण चढतेही कमी.

मुख्य अडचण आपल्या बाजूची आहे. बाटली गोदामातून बाहेर निघाली, विमानात बसली आणि चोपड्याला आली, की लंडनच्या खरेदीदाराच्या लेखी तिचा इतिहास तुटला. ती कोणत्या तापमानात राहिली हे कोणी लिहून देऊ शकत नाही. त्यात महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तो काढायला सोपा आहे आणि काढून ठेवावा. पण परवान्यावर विकता येत नाही. लायसन्सशिवाय एक बाटलीही विकली तर तो गुन्हा आहे. तेव्हा इथे आणलेली वाईन विकायचा कायदेशीर रस्ताच नाही. भाच्याच्या गोदामातली पेटी ही त्याची गुंतवणूक होऊ शकते, माझ्या कपाटातली बाटली होऊ शकत नाही, आणि तसं असण्यात मला काही कमी वाटत नाही. पैशासाठी राखायची तर तिला हात न लावणंच बरं असतं. मला ती प्यायची आहे.

एवढे पैसे किंवा एवढा धीर नसेल त्यांच्यासाठी दोन सूचना. याच बागेची दुसऱ्या फळीची वाईन आहे, ला रिझर्व्ह द लेओव्हिल बार्टन. कोवळ्या वेलींची आणि मुख्य वाईनमध्ये न घेतलेल्या पिंपांची. २०१६ चीच मिळाली तर उत्तम. टॅनिन मऊ आहे, भाव बराच कमी आहे, आणि ती आजच पिता येते. आणि फ्रान्सपर्यंत जायचंच नसेल तर आपल्या अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची सेत्ते ही वाईन घ्या. सांजोव्हेझे आणि कॅबर्ने या जातींच्या द्राक्षांचं मिश्रण, भारतात बनलेल्या रेडमध्ये मला सगळ्यात भरवशाची वाटते. ती चार-पाच वर्षं राखायला हरकत नाही, पण घ्यायची ती नोव्हेंबरनंतर, दुकानात थंडी पोहोचल्यावर, आणि मागच्या खोलीतली, आडवी ठेवलेली बाटली मागून.